आधी प्रायश्चित्त की आधी क्षमा? ख्रिस्ती पापकबुलीची पार्श्वभूमी

धर्मगुरूजवळ एकांतात पापे सांगायची, तिथल्या तिथे क्षमेचे शब्द ऐकायचे आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त नंतर करायचे, ही कॅथलिक रीत इतकी रुळली आहे की ती प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळापासून अशीच चालत आली असावी असे वाटते. प्रत्यक्षात जवळजवळ पहिली हजार वर्षे क्रम बहुतांशी उलटा होता: आधी प्रायश्चित्त, मग क्षमा. हा क्रम का फिरला हे कळल्याशिवाय सोळाव्या शतकातला कॅथलिक-प्रोटेस्टंट वाद नीट समजत नाही.

आधार अर्थातच बायबलचा. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात दोषी माणसाने आधी पाप कबूल करायचे आणि मग अर्पण आणायचे; मेंढरू परवडत नसेल तर दोन पारवे, तेही जमत नसतील तर एफाचा (धान्याचे एक माप) दहावा भाग सपीठ. गरिबीपायी कोणी क्षमेला मुकू नये, ही तजवीज तिथेच आहे. नव्या करारात तीन वचने महत्त्वाची. आपण पापे पदरी घेतली तर देव क्षमा करतो (1 योहान 1:9). एकमेकांजवळ पापे कबूल करा (याकोब 5:16). आणि पुनरुत्थित येशू शिष्यांना सांगतो की तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल त्यांची क्षमा झाली (योहान 20:23). देवाजवळ, बंधुजनांजवळ की नेमलेल्या सेवकाजवळ, यांपैकी कशावर भर द्यायचा यावरच पुढचे सारे मतभेद उभे राहिले.

बाप्तिस्म्याने मागची सगळी पापे धुतली जातात, यावर एकमत होते. बाप्तिस्म्यानंतर खून, व्यभिचार किंवा मूर्तिपूजा घडली तर काय, हा खरा पेच. इसवी सन 250 मध्ये सम्राट डेसियसने सर्वांना रोमन देवांना बळी अर्पण करून दाखला घ्यायला लावले. अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी दिले, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक मंडळीच्या दाराशी परत आले. रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन याने त्यांना साफ नकार दिला; कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि 251 ची परिषद यांनी प्रायश्चित्तानंतर दार उघडायचे ठरवले, दाखला घेतलेल्यांना सौम्य आणि बळी दिलेल्यांना कडक.

प्रायश्चित्त म्हणजे किती? 325 च्या निकीया परिषदेने, जबरदस्ती नसतानाही विश्वास सोडलेल्यांना 12 वर्षे सांगितली: 3 वर्षे फक्त वचन ऐकणाऱ्यांत, 7 वर्षे दंडवत घालणाऱ्यांत, 2 वर्षे प्रार्थनेत सहभाग पण प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) नाही. चौथ्या शतकातला बिशप बासिल याच्या नियमांत हेतुपूर्वक केलेल्या खुनाला 20 वर्षे होती, त्यातली पहिली 4 दाराबाहेर रडत, आत जाणाऱ्यांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ अशी विनवणी करत. प्रायश्चित्त असे चारचौघांत होत असले तरी पापांची यादी सर्वांसमोर वाचणे आवश्यक नव्हते. तशी प्रथा काही ठिकाणी शिरली तेव्हा पोप लिओ पहिला याने 459 मध्ये ती बंद करायला लावली.

या पद्धतीचा घात एका नियमाने केला: असे प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे. शिवाय पश्चिमेत त्यानंतरही सैन्यात परतण्यावर आणि विवाहावर बंधने राहत. साहजिकच लोक ते मरणाच्या बिछान्यापर्यंत लांबवू लागले. ज्याला जगताना क्षमेची गरज होती, त्याच्या हाती ती जाता जाता पडे.

तोड निघाली आयर्लंडच्या मठांतून. सहाव्या शतकात फिनियन, कोलंबानस या मठवासींच्या प्रायश्चित्त-पुस्तिकांत पापागणिक उपाय लिहिला होता, कबुली खाजगी होती आणि हवी तितक्या वेळा करता येई. कोलंबानसकडे खुनाला 3 वर्षे भाकर-पाण्यावर, निःशस्त्र परागंदा राहणे. परतल्यावर मृताच्या आईवडिलांची मुलाप्रमाणे सेवा करणे. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते, कारण तिथे ज्याचे नुकसान झाले तो नजरेआड होत नाही. स्पेनमधल्या टोलेडोच्या 589 च्या परिषदेने वारंवार क्षमा मागण्याचा कडक निषेध केला, तरी पद्धत पसरली. माणूस पुन्हा पुन्हा पडतो, हे तिने ओळखले होते.

पण प्रायश्चित्त पुरे करून माणूस क्षमेसाठी परत येईलच याची खात्री नसे. म्हणून हळूहळू, साधारण 1000 च्या सुमारास, कबुलीनंतर लगेच क्षमा देणे रूढ झाले. इथेच नवा प्रश्न उभा राहिला: क्षमा झाली, तर प्रायश्चित्त कशासाठी? उत्तर असे दिले गेले की दोष मिटतो, पण ठराविक काळ भोगायची शिक्षा उरते. या उरलेल्या शिक्षेत सूट म्हणजे इंडल्जन्स, आणि तिच्या विक्रीवरून 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरचे 95 मुद्दे आले. त्याआधी 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा कबुली सक्तीची केली होती, आणि गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आजन्म मठात ठेवण्याची शिक्षा सांगितली होती.

ल्यूथरने खाजगी कबुली टाकून दिली, हा समज चुकीचा आहे. त्याच्या 1529 च्या लघु प्रश्नोत्तरीत तिची रीत दिलेली आहे. त्याने नाकारली ती सक्ती आणि प्रत्येक पाप मोजून सांगण्याची अट. इंग्लंडच्या 1552 च्या प्रार्थनापुस्तकात रोजच्या उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायची कबुली आली. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1551 मध्ये पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त हे तिन्ही कायम ठेवले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत माणूस ख्रिस्ताच्या प्रतिमेकडे तोंड करून बोलतो आणि धर्मगुरू बाजूला साक्षीदार म्हणून उभा असतो.

आजची कॅथलिक रीत 1973 च्या विधीवर चालते: आत्मपरीक्षण, गंभीर पापे प्रकार व संख्येसह सांगणे, प्रायश्चित्त स्वीकारणे, पश्चात्तापाची प्रार्थना आणि क्षमेचे वचन. एखादे गंभीर पाप खरोखर विसरले तर त्याचीही क्षमा होते, फक्त पुढच्या वेळी ते सांगायचे. जाणूनबुजून लपवले तर मात्र ती कबुलीच ग्राह्य धरत नाहीत. मृत्यूचा धोका समोर असताना एकेकाचे ऐकायला वेळ नसेल, तर जमावाला एकत्र क्षमा देता येते. वाचलेल्यांनी आपली गंभीर पापे नंतर, संधी मिळताच, एकेकट्याने सांगायची असतात.