पार्श्वभूमी : जे.जे.चा लाइफ क्लास आणि विणकर केंद्राची नोकरी

हल्ली कलादालनांत एक गोष्ट सारखी दिसते. कापडावर दोऱ्याने काढलेली माणसं, टाक्यांनी भरलेली शरीरं, भिंतीवरून लोंबणारे दोरखंड आणि त्यांतून हळूहळू ओळखू येणारी मांडी, कंबर, चेहरा. मनुष्याकृतीचं रेखाटन आणि वस्त्रकला या दोन्ही गोष्टी एकाच चित्रकाराच्या कामात नांदताना पाहून आता कोणी चकित होत नाही. याचं श्रेय बहुतेक वेळा साठच्या दशकातल्या युरोप-अमेरिकेतल्या फायबर आर्टला, म्हणजे धागा-दोर वापरून केलेल्या कलेला, दिलं जातं. ते अगदीच चूक नाही, पण आपल्याकडचा रस्ता वेगळा आहे आणि तो एका सरकारी कचेरीतून जातो.

आधी या दोन गोष्टी वेगळ्या कशा झाल्या ते पाहायला हवं. मुंबईत 1857 साली सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, ते देशी कारागिरी सुधारण्याच्या हेतूने. रेखाटन शिकवायचं ते त्यासाठीच. 1865 मध्ये इथे शिकवायला आलेले जॉन लॉकवुड किपलिंग कारागिरांच्या कामात रमणारे होते; काम करत बसलेल्या कारागिरांची त्यांनी केलेली रेखाटनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे इथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. आकृती आणि वस्त्र या विद्यार्थ्यांसमोर एकत्र आली ती तिथे. अजिंठ्याचा चित्रकार शरीर आणि कापड एकाच दमात काढतो. पट्ट्यांचं वस्त्र मांडीवरून कसं वळतं, झिरझिरीत कापडाखालून त्वचा कशी दिसते, हे त्या पोरांनी दिव्याच्या उजेडात इंच-इंच उतरवलं असणार. यातल्या बऱ्याच प्रतिकृती 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीत गेल्या.

मग फाटे फुटले. 1891 मध्ये जे.जे.त कारागिरीसाठी वेगळी रे आर्ट वर्कशॉप्स निघाली. गालिचे विणणं, धातुकाम, कोरीव लाकूडकाम तिकडे गेलं आणि चित्रकार वेगळे बसू लागले. जे.जे.चे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी 1919 च्या सुमारास जिवंत मॉडेल समोर बसवून नग्नाकृतीचा अभ्यास सुरू केला. जे.जे.च्या माणसाचा हात म्हणजे काय, हे या लाइफ क्लासने ठरवलं. छायाप्रकाश, स्नायूंची उठावदार घडण, प्रमाण. जे.जे.चे चित्रकार म. वि. धुरंधर यांच्या रेषेत नऊवारीचा काष्टा कसा बसतो हे पाहताना आजही मान डोलते, पण तिथे साडी ही अंगावरची वस्तू आहे. रेखाटनाचं माध्यम नाही. कापड चित्रात दाखवायचं, त्याला हात लावायचा तो कारागिराने, अशी वाटणी पक्की झाली होती.

स्वातंत्र्यानंतर गाठ पडली ती पोटापाण्याच्या प्रश्नातून. गिरण्यांपुढे हातमाग टिकायचा तर नव्या नक्ष्या हव्यात, या विचाराने हातमाग मंडळाने 1956 च्या सुमारास विणकर सेवा केंद्रं काढली. त्यामागे हातमाग-हस्तकलेसाठी झटणाऱ्या पुपुल जयकर होत्या आणि त्यांनी एक धाडस केलं : नक्षीकाम करणाऱ्यांऐवजी कलाशाळेतून नुकतेच बाहेर पडलेले चित्रकार पगारावर घेतले. मुंबईचं केंद्र आज गिरगावात ऑपेरा हाउसजवळ मामा परमानंद मार्गावर आहे. शांतिनिकेतनात घडलेले चित्रकार के. जी. सुब्रमण्यन 1959 ते 1961 मुंबई केंद्रात उपसंचालक होते. प्रभाकर बरवे, भास्कर कुलकर्णी, गौतम वाघेला ही जे.जे.तून आलेली माणसं केंद्रात होती. अर्पिता सिंग यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या केंद्रांत काम केलं. त्या काळी चित्रं विकून घर चालत नसे. नोकरी पक्की, पगार सरकारी, आणि संध्याकाळ आपली. चित्रकारांना एवढं पुष्कळ होतं.

पण दिवसाच्या कामाने संध्याकाळच्या हाताला वळण लावलं. लाइफ क्लासमध्ये तयार झालेल्या चित्रकाराला माणसाचं किंवा पक्ष्याचं चित्र मागावर चढवायचं म्हटलं की त्याचं सगळं भांडवल निकामी होतं. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन म्हणजे धाग्यांचा एक हिशेब. खांद्याची गोलाई काढायला गेलं तर तिथे पायऱ्या पडतात. पायऱ्या बारीक करायच्या तर धागे वाढतात, धागे वाढले की वेळ वाढतो आणि कापड महागतं. छाया देता येत नाही. एक रंग संपतो तिथे दुसरा सुरू होतो. पैठणीचा पदर विणणारा कारागीर प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळा फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणतो, म्हणून मोराच्या गळ्याची कड अशी दातेरी आणि तरीही ठाम दिसते. ती कड चुकलेली नसते, ती त्या तंत्राची रेषा असते. हे एकदा कळलं की चित्रकार आकृतीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. कुठला तपशील काढून टाकला तरी माणूस माणूसच राहतो? माझ्या मते आपल्या आधुनिक चित्रकलेतल्या बऱ्याच प्रश्नांची सुरुवात या साध्या, कारकुनी वाटणाऱ्या हिशेबात आहे.

बरवे हे याचं ठळक उदाहरण. नागावला 1936 मध्ये जन्मलेले बरवे 1961 ला केंद्रात लागले आणि थेट वाराणसीला पाठवले गेले. 1965 पर्यंत ते तिथे होते. तंत्रमार्गी आकृत्या, घाट, बनारसी विणकामाची सोबत या सगळ्यातून त्यांच्या चित्रातलं शरीर विरत गेलं. नंतरच्या चित्रांत पान, घड्याळ, फळ अशा वस्तू रिकाम्या अवकाशात सुट्या तरंगतात. त्याचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर मला साडीच्या मोकळ्या अंगावरची एकटी बुट्टी आठवते. अर्थात हे माझं वाचन. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणाऱ्या बरव्यांनी स्वतः आपल्या कामाचा विचार याहून खोलात जाऊन केला होता. अर्पिता सिंग यांचा प्रवास उलटा. सत्तरच्या दशकात त्या बराच काळ नुसते ठिपके, रेघा, फराटे काढत राहिल्या, बंगालच्या कांथा गोधडीवरच्या धावदोऱ्याची आठवण यावी असे. त्या रेघोट्यांमधून त्या पुन्हा आकृतीकडे आल्या, आणि मग जी माणसं आली ती सावलीने नाही तर पृष्ठभागाने भरलेली होती.

भास्कर कुलकर्णींची गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी, कारण ती मराठीतही पुरेशी सांगितली जात नाही. बिहारमध्ये 1966-67 चा दुष्काळ पडला तेव्हा जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं. काम असं : बायका भिंतीवर जे काढतात ते कागदावर काढायला लावायचं, म्हणजे ते विकता येईल आणि घरात चार पैसे येतील. जे.जे.चा शिकलेला माणूस शिकवायला गेला नाही, कागद वाटायला गेला. सीता देवी, गंगा देवी यांची नावं पुढे जगभर गेली. सत्तरच्या दशकात तेच कुलकर्णी डहाणूकडच्या वारली पाड्यांवर पोचले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं काम बाहेर आलं. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, लिहिणं हे सवाशिणींचं काम, तिथे हा पुरुष रोज, हौसेने चित्रं काढत होता. गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडलेले, वर वाटोळं डोकं. कमरेचा तो एक बिंदू जरा सरकवला की माणूस वाकतो, नाचतो, ओझं उचलतो. शरीरशास्त्राचा तास न करता गती दाखवणारी ही आकृती आणि कुलकर्णींचा लाइफ क्लास एकमेकांसमोर आले ते कापडाच्या खात्याच्या नोकरीमुळे. म्हसे यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. कुलकर्णी 1983 मध्ये दरभंग्याला वारले. वारली माणसं आज साड्यांवर, ओढण्यांवर, चहाच्या कपांवर आहेत. सगळंच चांगलं आहे असं नाही.

सुब्रमण्यन यांनी केंद्रातला अनुभव बडोद्याला नेला. तिथल्या कलाविद्याशाखेच्या मेळ्यांत ते दोर, चामडं, मणी यांची खेळणी करत, आणि चित्रकार-कारागीर ही वाटणी त्यांना मुळातच मान्य नव्हती. त्यांच्याकडे 1970 ते 1972 भित्तिचित्रकला शिकलेली विद्यार्थिनी म्हणजे मृणालिनी मुखर्जी. जन्म मुंबईचा, 1949 चा; वडील चित्रकार बिनोदबिहारी, आई शिल्पकार लीला. वडिलांची दृष्टी 1957 च्या सुमारास गेली, त्यानंतर ते कागद कापून-चिकटवून आकृत्या करत. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनातल्या संतांच्या भित्तिचित्रातही त्यांनी पूर्ण आकाराचा आराखडा न उतरवता थेट भिंतीवर काम केलं होतं. मुलगीही रेखाटन करून मग शिल्पाकडे जात नसे. बाजारातला खरखरीत दोर आणायचा, जाडीप्रमाणे निवडायचा, रंगवायचा, लोखंडी सांगाड्याला बांधून गाठीवर गाठ मारत जायचं. ओळ वाढेल तशी आकृती ठरत जाई. एकेका कामाला महिनोन्‌महिने लागत. ‘यक्षी’ (1984) समोर उभं राहिलं की आधी वस्त्र दिसतं, मग लक्षात येतं की वस्त्राच्या आत कोणी नाही. घडी, ओठ, योनी, पाकळी सगळं त्या गाठींचंच आहे. धुरंधरांच्या नऊवारीपासून आकृती इथवर आली होती.

ही कामं कला की हस्तकला, हा वाद त्यांना आयुष्यभर पुरला. 1994 मध्ये ऑक्सफर्डला प्रदर्शन झालं, तरी इथे बराच काळ त्यांना कोणत्या खान्यात घालावं हे ठरत नव्हतं. पुढे हव्या तशा दर्जाचा दोर मिळेनासा झाला, बोटांचं आणि खांद्याचं कामही जड झालं. त्या सिरॅमिक आणि ब्राँझकडे वळल्या. दिल्लीत सिंहावलोकन प्रदर्शन उघडल्यावर आठवडाभरातच, फेब्रुवारी 2015 मध्ये त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयाने 2019 मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

मुखर्जींची शिल्पं नावानिशी जपली जातात, बरव्यांचे कॅनव्हास लिलावात बोली घेतात. केंद्रात दिवसा झालेल्या कामाचं तसं नाही. नक्षी खात्याची, कापडावर चित्रकाराची सही नसते. साठच्या दशकात घेतलेली एखादी हातमागाची चादर किंवा साडी अजून कुणाच्या ट्रंकेत असेल आणि तिच्यावरची बुट्टी यातल्याच कोणीतरी आलेखावर मोजून काढलेली असेल, तर ते आता ठरवायचं कसं?