कॅरिबियन सहल: पैसे भरण्यापूर्वी व्हिसा, कागदपत्रे आणि नोंदणीच्या अटी कशा तपासाव्यात

भारतीय पासपोर्टवर कॅरिबियन बेटांची सहल ठरवताना एक गोष्ट आरंभीच समजून घेणे आवश्यक आहे. तिथल्या अनेक देशांना आपल्या पर्यटकांकडून व्हिसा नको असतो, परंतु तिथवर पोहोचण्याच्या वाटेवर जे देश लागतात त्यांना तो हवा असतो. मुंबईहून किंवा गोव्याहून कॅरिबियनला थेट विमान नाही; लंडन, ॲमस्टरडॅम, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरंटो अशा एखाद्या शहरात विमान बदलावेच लागते. "व्हिसामुक्त बेटे" या जाहिरातीवर विसंबून नोंदणीची रक्कम भरलेली अनेक कुटुंबे याच मधल्या टप्प्यावर अडतात आणि त्यांची मोठी रक्कम बुडते. म्हणून आधी मार्ग ठरवावा, त्या मार्गाची परवानगी मिळवावी आणि त्यानंतरच परत न मिळणारे पैसे द्यावेत, असा क्रम कसोशीने पाळावा.

कोणत्या बेटावर काय लागते

कॅरिबियन हा एक देश नाही, त्यामुळे एका बेटाची परवानगी दुसऱ्या बेटावर चालत नाही. बार्बाडोस आणि त्रिनिदाद व टोबॅगो येथे भारतीय पर्यटकाला ९० दिवसांपर्यंत, तर जमैकात ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते; ग्रेनेडा आणि डॉमिनिका येथेही पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे मात्र दोन वेगळे देश आहेत. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सर्वसाधारण भारतीय पासपोर्टधारकाला व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा शेंगेन गटाचा (युरोपातील सामाईक व्हिसा असलेल्या देशांचा) वैध व्हिसा आहे त्यांना त्यातून सूट मिळते. प्वेर्तो रिको आणि अमेरिकन व्हर्जिन बेटे हा अमेरिकेचाच भूभाग असल्याने तिथे अमेरिकेचा व्हिसा लागतो. मार्टिनिक आणि ग्वादलूप ही बेटे फ्रान्सची असली तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाहीत. केवळ युरोपच्या सहलीसाठी काढलेला शेंगेन व्हिसा तिथे पुरत नाही, त्या प्रदेशांसाठी तो वैध असल्याची नोंद असावी लागते.

व्हिसा लागत नाही याचा अर्थ कागद लागत नाहीत, असा नाही. परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे निश्चित तिकीट, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि खर्चाला पुरेशी रक्कम असल्याचा पुरावा, या तीन गोष्टी इमिग्रेशनचा अधिकारी मागू शकतो. काही देशांचा प्रवेश-अर्ज आता निघण्यापूर्वी ऑनलाइन भरायचा असतो; तो त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क असेल, तर त्यासाठी शुल्क मागणाऱ्या मध्यस्थ संकेतस्थळावर भरू नये.

वाटेतला व्हिसा

सर्वांत जास्त काळजी या भागाची घ्यावी लागते. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी भारतीय नागरिकाला व्हिसा लागतो, कारण तिथे आंतरराष्ट्रीय प्रवाशाला इमिग्रेशन ओलांडल्याशिवाय पुढच्या विमानात बसता येत नाही. सामानही पहिल्या अमेरिकन विमानतळावर उतरवून घेऊन पुन्हा द्यावे लागते, म्हणून दोन विमानांमध्ये पुरेसे तास ठेवावेत. केवळ विमान बदलण्यासाठी संक्रमण (ट्रान्झिट) व्हिसा मिळतो. परंतु व्यवहारात बहुतेक जण बी-१/बी-२ हा पर्यटक व्हिसाच काढतात. त्याचा क्रम असा आहे: आधी डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, मग १८५ डॉलरचे अर्ज-शुल्क, मग बोटांचे ठसे व छायाचित्र आणि शेवटी वकिलातीत मुलाखत, जी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. व्हिसा नाकारला गेला तर हे शुल्क परत मिळत नाही. मुलाखतीची तारीख मिळायला बराच काळ लागू शकतो, म्हणून सहलीची तारीख व्हिसा मिळाल्यावर ठरवावी. सहलीच्या तारखेवर भिस्त ठेवून व्हिसाच्या मागे धावणे फार महागात पडते.

लंडनमार्गे जाणाऱ्यांनी दोन परिस्थितींमधला फरक नेमका ओळखावा. एकाच विमानतळावर, इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलायचे असेल तर भारतीयांना विमानतळापुरता संक्रमण व्हिसा लागतो; ज्यांच्याकडे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा आहे त्यांना यातून सूट असते. मात्र मुंबईचे विमान हीथ्रोला उतरत असताना कॅरिबियनची काही विमाने गॅटविकवरून सुटतात, आणि एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणे म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश करणे होय. अशा वेळी विमानतळापुरता व्हिसा चालत नाही. दोन विमानांची तिकिटे वेगवेगळ्या पीएनआरवर काढली असतील तरी हीच अडचण येते, कारण सामान पुढे पाठवले जात नाही आणि ते घेण्यासाठी बाहेर यावे लागते. स्वस्त पडते म्हणून दोन तुकड्यांत तिकीट काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो याच कारणासाठी नाकारावा.

कॅनडातून जाणाऱ्या भारतीयालाही संक्रमण किंवा पर्यटक व्हिसा लागतो. युरोपातील देशांचे विमानतळ-संक्रमणाचे नियम एकसारखे नाहीत, म्हणून ज्या विमानतळावर उतरणार त्याच देशाच्या वकिलातीची माहिती प्रमाण मानावी. मुंबईच्या विमानतळावर बोर्डिंग पास देण्यापूर्वी विमान कंपनीचे कर्मचारी संपूर्ण मार्गाची कागदपत्रे तपासतात. अपुऱ्या कागदांनिशी प्रवासी नेल्यास दंड आणि त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते, त्यामुळे शंका आल्यास ते प्रवाशाला इथेच थांबवतात. तिथे टूर कंपनीचे पत्र किंवा हॉटेलची पावती यांचा उपयोग होत नाही.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक स्वतंत्र सूचना. एच-१बी धारकांचा पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का मुदत उलटलेला असला, तरी वैध आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची व मुक्कामाच्या मुदतीची सरकारी नोंद) असल्यास ३० दिवसांपर्यंतच्या कॅनडा किंवा मेक्सिको भेटीहून परतण्याची सवलत ठरावीक अटींवर मिळते. कॅरिबियन बेटांसाठी ही सवलत केवळ विद्यार्थ्यांच्या 'एफ' (F) आणि विनिमय अभ्यागतांच्या 'जे' (J) व्हिसा-वर्गाला आहे, एच-१बी वर्गाला नाही. आई-वडील भारतातून आले म्हणून सर्वांनी मिळून एक आठवडा जमैकाला जाण्याचा बेत आखताना, आई-वडिलांचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे का आणि आपला शिक्का चालू आहे का, या दोन्ही गोष्टी आधी पाहाव्यात.

पासपोर्ट, नावे आणि मुले

परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने पासपोर्ट वैध असावा आणि त्यात किमान दोन पाने कोरी असावीत. तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते आणि पासपोर्टमध्ये ते बहुधा स्वतःच्या नावासोबत एकाच रकान्यात येते. तिकीट काढताना ते गाळले जाऊ नये. विवाहानंतर आधार आणि पॅनवर नवे नाव घेतले, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिला, असे असल्यास तिकीट, विमा आणि व्हिसा हे सर्व पासपोर्टवरील नावानेच करावे, किंवा मग आधी पासपोर्ट बदलून घ्यावा. व्हिसाचा अर्ज आणि नावातील बदल एकाच वेळी सुरू ठेवू नयेत. आई किंवा वडील यांपैकी एकाच पालकासोबत अथवा आजी-आजोबांसोबत अल्पवयीन मूल जात असेल, तर सोबत नसलेल्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र आणि इंग्रजी मजकूर असलेला जन्मदाखला जवळ ठेवावा.

पीतज्वराची लस

ज्येष्ठ नागरिकांच्या सहलींमध्ये हा मुद्दा वारंवार सुटतो, आणि तो सुटल्याचा परिणाम परत येताना भोगावा लागतो. त्रिनिदाद बेट पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) धोका असलेल्या प्रदेशांच्या यादीत आहे. तिथून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. शिवाय त्रिनिदाद पाहून पुढे इतर बेटांवर जायचे असल्यास तीही हे प्रमाणपत्र मागू शकतात, त्यामुळे बेटांचा क्रम ठरवतानाही याचा विचार करावा. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होते. त्यानंतर ते आयुष्यभर चालते. साठीच्या पुढचे प्रवासी, गर्भवती स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी लसीपूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लस घेणे शक्य नसेल तर त्रिनिदाद सहलीतून वगळावे, हे माझे स्पष्ट मत आहे. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला तो त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर, आणि अनेकांना ते मैदान पाहायचे असते. अशांनी निघण्याच्या निदान महिनाभर आधी लस घेऊन ठेवावी.

नोंदणीच्या अटी

कॅरिबियनच्या सहलीची किंमत बहुधा काही रुपये अधिक काही डॉलर अशी सांगितली जाते, आणि डॉलरचा भाग भरण्याच्या दिवशीच्या दराने घेतला जातो. जाहिरातीतील आकड्यात कोणते खर्च नाहीत हे लेखी विचारावे: व्हिसा-शुल्क, टिप, बंदर-कर, इंधन अधिभार, एकट्या प्रवाशासाठी स्वतंत्र खोलीचा जादा आकार. सहलीवर जीएसटी लागतो आणि त्याखेरीज परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर) गोळा केला जातो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या या कराचे दर पुढे बदलले आहेत, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर पावतीवर वेगळा दाखवून घ्यावा. हा पैसा आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना समायोजित करता येतो. परंतु ज्याच्या नावाने पावती, त्यालाच ते श्रेय मिळते. उत्पन्न नसलेल्या आईच्या नावाने पावती केली, तर परतावा मिळवण्यासाठी तिचे विवरणपत्र भरावे लागेल, हे ध्यानात ठेवावे. परकीय चलनाच्या नोटा एका दौऱ्यासाठी सर्वसाधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात. उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डवर घ्यावी.

रद्द करण्याच्या अटी वाचताना टक्केवारीबरोबरच दिवसांची मोजणी कोणत्या तारखेपासून होते, हेही पाहावे. व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळेल, हा प्रश्न वेगळा विचारून त्याचे उत्तर ईमेलवर घ्यावे, कारण बहुतेक करारांत व्हिसा नाकारला जाणे म्हणजे प्रवाशाने स्वतः सहल रद्द करणे असे धरले जाते. प्रवासीसंख्या अपुरी पडून कंपनीनेच सहल रद्द केली तर पूर्ण परतावा मिळेल की केवळ दुसऱ्या तारखेचा पर्याय दिला जाईल, हेही त्याच पत्रात यावे.

चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्याचा जोर सर्वाधिक राहतो. आपल्या दिवाळीच्या सुट्टीतल्या सहली याच मोसमाच्या उत्तरार्धात पडतात. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा हे पाचव्या श्रेणीचे वादळ जमैकावर आदळले. त्याआधी २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनमध्ये टी-२० विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ बेरिल वादळामुळे विमानतळ बंद पडून तिथेच अडकला होता आणि ४ जुलैला विशेष विमानाने मायदेशी पोहोचला. सामान्य प्रवाशासाठी विशेष विमान येत नाही. म्हणून शक्य असल्यास डिसेंबर ते एप्रिल हा काळ निवडावा. दिवाळीतच जायचे असेल तर वादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असलेली आरुबा आणि क्युरासाव ही बेटे तुलनेने सुरक्षित आहेत, अर्थात तिथल्या व्हिसाच्या अटी वेगळ्या आहेत. विमा नोंदणीच्या दिवशीच काढावा, कारण वादळाला नाव दिले गेल्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाने झालेले नुकसान सहसा मिळत नाही. लहान बेटांवर मोठी रुग्णालये नसल्याने रुग्णाला विमानाने दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, हे अवश्य पाहावे, आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखे जुने आजार अर्जात लिहावेत.

मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून निघणाऱ्या क्रूझसाठी अमेरिकेचा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा, कारण जहाज परत येते तेव्हा तो नवा प्रवेश ठरू शकतो. क्रूझच्या करारात कप्तानाला हवामानामुळे बंदर बदलण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार असतो आणि अशा वेळी बहुधा फक्त त्या बंदराचा कर परत मिळतो. गर्भावस्थेचे २४ आठवडे पूर्ण झालेल्या स्त्रियांना बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत. बंदरावर खासगी गाडी करून फिरणाऱ्याला उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावे लागते.

बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद यांसह अनेक बेटांवर सैनिकी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज प्रकारचे, कपडे नागरिकांनी वापरण्यास कायद्याने बंदी आहे. मुलांच्या टोप्या आणि बॅगाही त्यात येतात. पासपोर्ट हरवल्यास पोर्ट ऑफ स्पेन आणि किंग्स्टन येथील भारतीय उच्चायुक्तालयांशी संपर्क साधता येतो. निघण्यापूर्वी पासपोर्टची आणि व्हिसाची छायाप्रत घरी ठेवावी.

कराराच्या तळाशी वाद अमुक शहरातील न्यायालयातच चालेल असे छापलेले असले, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मग ते मुंबईतील कंपनीविरुद्ध नांदेडमध्ये का असेना. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे जावे लागते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. या सर्व ठिकाणी जाहिरात, पावत्या आणि ईमेल हेच पुरावे म्हणून धरले जातात, म्हणून फोनवर मिळालेले प्रत्येक आश्वासन त्याच दिवशी लिहून कंपनीला पाठवावे आणि तिच्याकडून लेखी होकार घ्यावा.