भिंतीतली भेग आणि देशाचं बांधकाम धोरण

वऱ्हाडातल्या नव्या घरकुलांच्या भिंती नीट पाहिल्या तर एक खूण वारंवार दिसते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली आणि तिरपी चढत स्लॅबकडे गेलेली भेग. घरमालक म्हणतो, मिस्त्रीनं सिमेंट कमी घातलं. मिस्त्री म्हणतो, विटाच कच्च्या होत्या. इंजिनिअर म्हणतो, तराई झाली नाही, म्हणजे बांधकाम पाणी मारून ओलं ठेवलं नाही. तिघांचंही थोडंथोडं खरं असेल. पण अशी तिरपी भेग बहुधा जमिनीतून आलेली असते, आणि जमीन कशी आहे हे बांधकामाआधी कुणी तपासलेलंच नसतं.

वऱ्हाडातली जमीन म्हणजे बहुतेक काळी माती. ती बेसॉल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचा कण म्हणजे पापडांच्या चळतीसारखे एकावर एक बसलेले अतिसूक्ष्म पापुद्रे. या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यांच्या मधल्या फटींत सोडियम, कॅल्शियमचे आयन अडकलेले असतात. ते पाण्याचे रेणू ओढून घेतात, पापुद्रे एकमेकांपासून लांब सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की तीच माती आकसते आणि रानाला भेगा पडतात. शेताला त्याचं फारसं काही बिघडत नाही. घराचं बिघडतं, कारण घराखालची सगळी माती सारखी हलत नाही. मधल्या भागात ओल टिकून राहते. कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आखडते. कोपरे वरखाली होतात आणि भिंत तिच्या सर्वांत दुबळ्या जागी, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यात, फाटते. मोठी इमारत आपल्या वजनानं ही फुगी बरीचशी दाबून धरते. दोन खोल्यांच्या घरकुलात तेवढा भार नसतो, म्हणून गरिबाचं घर जास्त हलतं.

यावरचे उपाय जुने आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं (स्थापना १९४७) अशा मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खुंट विकसित केले. हातानं फिरवायच्या गिरमिटानं भोक पाडायचं, तळाशी ते रुंद करायचं आणि काँक्रीट भरायचं. खोल काळ्या मातीत अशा खुंटाची लांबी निदान साडेतीन मीटर हवी, असं भारतीय मानक सांगतं, कारण तेवढ्या खोलीवर ऋतूंप्रमाणे होणारा ओलाव्याचा चढउतार जवळजवळ थांबतो. दुसरा उपाय मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून आला: फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण थोडी चिकण असलेल्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर दाबून बसवायचा. आपल्याकडच्या चांगल्या मुरमात हे गुण बरेचदा असतात. गावचे जुने गवंडी जोत्यात मुरूम भरून तो धुम्मसानं ठोकून बसवतातच. पण फूटभर भरण आणि मीटरभर थर यांच्या परिणामात फार फरक पडतो, आणि तो गवंड्याला सांगायला कुणी येत नाही.

देशपातळीवर 'बांधकाम उद्योगाचं सामायिक धोरण' असा विषय निघाला की मला ही भेग आठवते. शेतीनंतर सर्वांत जास्त हातांना काम देणाऱ्या उद्योगांत बांधकामाची गणना होते, आणि तो विखुरलेलाही तितकाच आहे. नकाशा एकाचा, माल दुसऱ्याचा, मजूर तिसऱ्याचे, पैसा चौथ्याचा. ही तक्रार फक्त आपली नाही. ब्रिटनमध्ये १९९४ चा लॅथम अहवाल आणि १९९८ चा ईगन अहवाल याच विखुरलेपणावर होते. ईगन समितीनं तर बांधकामातले दोष दरवर्षी २० टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य सुचवलं होतं. आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये आली आणि २०१६ मध्ये तिची मोठी सुधारित आवृत्ती निघाली. बांधकाम उद्योग विकास परिषद १९९६ मध्ये स्थापन झाली आणि बांधकाम कामगारांचा कायदाही त्याच वर्षी झाला. संहिता आहे, परिषद आहे, कायदा आहे. कागदाची टंचाई नाही.

अडतं ते जोडाच्या ठिकाणी. महामार्गाच्या भरावात ज्या मातीचा फुगवटा निर्देशांक (पाण्यात माती किती टक्के फुगते तो आकडा) ५० टक्क्यांच्या वर जातो ती वापरायची नाही, असं केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकात स्पष्ट लिहिलेलं आहे आणि त्यासाठी ठेकेदाराला प्रयोगशाळा ठेवावी लागते. त्याच महामार्गालगतच्या गावात, त्याच मातीवर, माणसांनी राहायचं घर बांधताना ती चाचणी कुणी मागत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात मैदानी प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर असा हिशोब २०१६ मध्ये ठरला. हा आकडा ठरवताना माती फुगते की नाही हे विचारात घेतलेलं नाही. डोंगराळ, दुर्गम किंवा नक्षलग्रस्त भाग आणि मैदानी प्रदेश एवढाच भेद आहे. माझ्या मते या योजनेतली सर्वांत महागडी काटकसर हीच.

सिमेंटची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि ती पुरती विदर्भाचीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी आहे, म्हणून गडचांदूर-आवारपूरच्या बाजूला सिमेंटचे कारखाने आले. कोळसा आहे, म्हणून चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आली आणि त्यांच्यासोबत राखेचे डोंगर. ही उडती राख टाकाऊ नाही. सिमेंट पाण्याशी मिसळलं की कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, उरतं. राखेतली सिलिका त्याच्याशी हळूहळू अभिक्रिया करून नवा चिकट बंध तयार करते आणि काँक्रीट जास्त घट्ट होतं. दुकानातल्या 'पीपीसी' (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) गोणीत अशी १५ ते ३५ टक्के राख असते. राख वापरण्याची सक्ती करणारी केंद्राची पहिली अधिसूचना १९९९ ची.

पण ही अभिक्रिया सावकाश होते आणि तिला तेवढे दिवस पाणी लागतं. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओलं ठेवावं लागतं, राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला १० दिवस, आणि कोरड्या, उष्ण हवेत ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस आहे. आता विदर्भातलं वेळापत्रक बघा. शेतीची कामं संपलेली, मार्चअखेरची घाई, हप्ता जमा झालेला, पावसाच्या आत छप्पर हवं. म्हणून स्लॅब टाकला जातो एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ च्या आसपास असताना आणि विहिरी तळाला गेलेल्या असताना. ज्या घरात प्यायचं पाणी टँकरनं येतं त्या घराला चौदा दिवस तराई करा म्हणून सांगायचं कुणी? खारपाणपट्ट्यात तर बोअरचं पाणीच खारट. लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून जास्त क्लोराइड नको, कारण त्यानं सळई आतून गंजते. म्हणजे राखमिश्रित सिमेंट विकण्याचं धोरण एका खात्याचं, हप्त्याचं वेळापत्रक दुसऱ्याचं, पाणी तिसऱ्याचं. आणि तिन्हींचा परिणाम सोसतो तो स्लॅब. निदान स्लॅबचा हप्ता दिवाळीनंतर लगेच मिळाला तरी, एक पैसाही जास्त न देता, त्याच गोणीतून जास्त मजबूत काँक्रीट मिळेल.

गवंड्यांसाठी याच योजनेत ४५ दिवसांचं, प्रत्यक्ष घर बांधता बांधता द्यायचं प्रशिक्षण आहे. कल्पना उत्तम आहे. मात्र शिकलेला गवंडी पुण्याला नाहीतर हैदराबादला जातो. गावात उरतो तो अर्धं वर्ष शेतमजूर असलेला मिस्त्री. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकाम केल्याचा दाखला लागतो आणि तो देणारा मालक त्याला दर महिन्याला वेगळा भेटतो.

सामायिक धोरणाची सुरुवात कुठून करायची, यावर माझी सूचना अगदी लहान आहे. फुगवटा निर्देशांकाची चाचणी शाळेतही होऊ शकेल इतकी सोपी आहे. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या एका नळीत पाण्यात टाकायची, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये. रॉकेलचे रेणू मातीच्या पापुद्र्यांत शिरत नाहीत, म्हणून तिथं माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्ही नळ्यांतल्या मातीची उंची वाचायची. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा जितकी टक्के जास्त, तो निर्देशांक. प्रत्येक घरासाठी ही चाचणी करायची गरज नाही. कन्हार (भारी काळी माती) कुठे, मोरांड (मध्यम) कुठे, खरडी (हलकी) कुठे हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं, त्यामुळे गावठाणाच्या तीन-चार जागांचे नमुने पुरतात. तो आकडा पहिल्या हप्त्याआधी घरकुलाच्या फाइलमध्ये लिहिला जावा, आणि तो ५० च्या वर असेल तर मुरमाच्या थराचा किंवा खुंटांचा वाढीव खर्च योजनेनंच उचलावा.