एकर-बुशेलपासून मायक्रोमोलपर्यंत : वनस्पती आणि कृषिविज्ञानातील मोजमापाची पार्श्वभूमी

फ्लेमिश रसायनज्ञ यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट यांनी एका कुंडीत 200 पौंड वाळवलेली माती भरली, तीत 5 पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. अखेरीस झाड भरले 169 पौंड 3 औंस, आणि माती घटली ती जेमतेम 2 औंसांनी. 1648 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला हा प्रयोग वनस्पतीविषयीच्या सर्वांत जुन्या मोजणीच्या प्रयोगांपैकी एक. त्या काळी युरोपात ठिकाणागणिक पौंड वेगळा होता. तरीही प्रयोगाला बाधा येत नाही, कारण झाड आणि माती दोन्ही एकाच पौंडात तोललेली होती. अडचण येते ती दुसऱ्या प्रदेशातला दुसरा कोणी तोच प्रयोग करून आकडे शेजारी शेजारी मांडू लागतो तेव्हा. शेतीच्या शास्त्राला तर हे पदोपदी करावे लागते : एका शेतातला आकडा दुसऱ्या शेतातल्या आकड्याशी ताडून पाहायचा, आणि मग काय ते ठरवायचे.

जमिनीच्या बाबतीत गोंधळ आणखी खोल होता. एकराचे मूळ एका बैलजोडीने दिवसभरात नांगरून होणाऱ्या जमिनीत आहे. कित्येक प्रदेशांत जमीन त्यात पेरल्या जाणाऱ्या बियाण्याच्या मापाने सांगत. ही मापे अडाणीपणाची नव्हती, कसणाऱ्याला किती राबावे लागेल आणि किती बी लागेल हे त्यातून थेट कळायचे. पण भारी काळ्या जमिनीत आणि हलक्या मुरमाड जमिनीत दिवसभराची नांगरट सारखी होत नाही. अशा मापाने भागून काढलेले उत्पन्न जमिनीचा कस सांगते की बैलांचा दम, हे वेगळे काढता येत नाही. इंग्रज कृषिलेखक आर्थर यंग 1787 ते 1789 या काळात फ्रान्सभर हिंडले आणि तिथली मापे प्रांताप्रांतात, जवळजवळ गावागावात बदलतात अशी त्यांनी कडवट तक्रार केली. 1789 मध्ये फ्रान्सच्या जनतेने राजाकडे पाठवलेल्या गाऱ्हाण्यांतही ‘एकच माप हवे’ ही मागणी पुन्हा पुन्हा येते.

7 एप्रिल 1795 च्या फ्रेंच कायद्याने मीटर, लिटर आणि ग्रॅम यांच्यासोबत ‘आर’ हे जमिनीचे माप आणि सरपणासाठी ‘स्टेअर’ हे घनमापही ठरवले. आर म्हणजे 10 मीटर बाजूचा चौरस, आणि असे 100 आर मिळून हेक्टर. मेट्रिक पद्धत प्रयोगशाळेत जन्मली आणि नंतर शेतावर गेली असे आपण सहज समजतो. प्रत्यक्षात जमिनीचे माप तिच्या पहिल्याच यादीत होते. लोकांच्या अंगवळणी पडायला मात्र वेळ लागला. खुद्द फ्रान्समध्ये ही पद्धत पक्की सक्तीची झाली ती 1840 मध्ये.

त्याच सुमारास अल्सासमधल्या बेशेलब्रॉन इथल्या शेतावर फ्रेंच रसायनज्ञ जाँ-बातिस्त बुसँगो शेणखत आणि पिके तोलून, त्यांचे रासायनिक पृथक्करण करून किलो आणि हेक्टरच्या हिशेबात ताळेबंद मांडत होते. शेतात किती नत्र (नायट्रोजन) गेला आणि पिकातून किती बाहेर आला, हे वजनात दिसल्यामुळेच फेरपालटात द्विदल पीक असले की दिलेल्यापेक्षा जास्त नत्र पिकांत सापडतो हे त्यांच्या ध्यानात आले. मला हा या इतिहासातला फार मोलाचा टप्पा वाटतो. जमा आणि खर्च एकाच मापात असल्याशिवाय शिल्लक काढताच येत नाही.

इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी 1843 मध्ये रॉदॅमस्टेड इथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला, तो आजही चालू आहे. तिथल्या खतांच्या मात्रा आज वाचल्या तर हेक्टरी 48, 96 आणि 144 किलो नत्र असे विचित्र आकडे दिसतात. कोणीही नव्याने आखणी केली असती तर 50, 100, 150 घेतले असते. खुलासा जुन्या मापात आहे : मूळ मात्रा एकरी 43, 86 आणि 129 पौंड होत्या, आणि एकरी पौंडाला साधारण 1.12 ने गुणले की हेक्टरी किलो मिळतात. शेणखताचे हेक्टरी 35 टन म्हणजेही जुने एकरी 14 ब्रिटिश टन. सोयीसाठी आकडे गोल केले असते तर दीर्घ काळ चाललेल्या प्रयोगाचा धागा तुटला असता. म्हणून माप बदलले, मात्रा तीच ठेवली. हाच शहाणपणाचा मार्ग होता.

उत्पन्नाची गोष्ट बुशेलमुळे जास्त गुंतागुंतीची झाली. बुशेल हे आकारमानाचे माप, अमेरिकेत सुमारे 35.24 लिटर, तर ब्रिटिश बुशेल सुमारे 36.37 लिटर. पोचट दाणा आणि टपोरा भरीव दाणा यांनी तेच भांडे भरते, पण वजन वेगळे येते. म्हणून व्यापाराने प्रत्येक धान्यासाठी बुशेलचे वजन ठरवून टाकले. अमेरिकेत गहू 60 पौंड, मका 56 आणि ओट 32. म्हणजे एकाच नावाखाली पिकागणिक वेगळे वजन. एकरी एक बुशेल गहू हेक्टरी 67.25 किलो होतो आणि मका 62.77 किलो. एका पिकापुरता विचार करणाऱ्याला हे चालते. फेरपालटातल्या तीन पिकांची तुलना करायची, तर प्रत्येक आकड्यामागे कोणता गुणक आहे ते आधी शोधावे लागते. किलो लिहिले म्हणजे काम संपले असेही नाही. दाण्यात ओलावा किती टक्के होता हे सांगितल्याशिवाय हेक्टरी किलोसुद्धा अर्धवटच राहतात.

20 मे 1875 रोजी पॅरिसमध्ये 17 देशांनी मीटर करारावर सह्या केल्या, आणि 1960 मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीला आजचे रूप मिळाले. हेक्टर या पद्धतीचे अधिकृत एकक नाही, पण तिच्यासोबत वापरायला मुभा आहे. शेतीच्या दृष्टीने त्यानंतरची दोन दशके फार महत्त्वाची ठरली.

सर्वांत मोठा बदल झाला तो प्रकाशाच्या मोजणीत. वाढकक्षात आणि काचगृहात काम करणारे संशोधक फूट-कँडल किंवा लक्स लिहीत असत. लक्स मेट्रिकच आहे, पण ते माणसाच्या डोळ्यासाठी घडवलेले माप आहे. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील. 660 नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाची तेवढीच ऊर्जा लक्समापकावर अवघी 6 टक्के दिसते. पान मात्र त्याच तांबड्या प्रकाशावर उत्तम प्रकाशसंश्लेषण करते. के. जे. मॅक्री यांनी 22 पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशाचा परिणाम मोजला, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या या कामातून 400 ते 700 नॅनोमीटरच्या पट्ट्यातले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजावेत हा विचार पक्का झाला. प्रकाशसंश्लेषणाला ऊर्जेपेक्षा फोटॉनांची संख्या महत्त्वाची. 1971 मध्ये मोल हे कणांची संख्या सांगणारे माप सातवे मूलभूत एकक म्हणून स्वीकारले गेल्याने ही संख्या लिहिण्याची सोयही झाली. त्याआधी ‘आइन्स्टाइन’ हे एकक वापरले जाई. कोणी त्याचा अर्थ एक मोल फोटॉन असा घेई, तर कोणी तेवढ्या फोटॉनांची ऊर्जा असा. आता दर चौरस मीटरला दर सेकंदाला अमुक मायक्रोमोल (मोलचा दशलक्षांश) असे लिहितात. भर दुपारच्या कडक उन्हात हा आकडा 2000 च्या आसपास जातो.

या बदलाची किंमत जुन्या नोंदींना मोजावी लागली. सूर्यप्रकाशाचे लक्स सुमारे 54 ने भागले की मायक्रोमोल मिळतात, पांढऱ्या फ्लुरोसंट नळीसाठी सुमारे 74 ने भागावे लागते, उच्च दाबाच्या सोडियम दिव्यासाठी सुमारे 82 ने. म्हणजे ‘20,000 लक्स’ एवढेच लिहून दिवा कोणता होता ते न नोंदवलेला प्रयोग आज नेमका रूपांतरित करताच येत नाही. पिके काळजीपूर्वक वाढवलेली असतात, वजने नीट घेतलेली असतात, आणि तरी प्रकाशाचा रकाना निकामी ठरतो. हे पाहून खरेच हळहळ वाटते.

पाण्याच्या बाबतीत 1960 मध्ये स्लॅटियर आणि टेलर यांनी ‘जलविभव’ ही संज्ञा मांडली, म्हणजे पाणी कुठून कुठे वाहेल हे ठरवणारी त्याची ऊर्जास्थिती. त्यामुळे माती, मूळ, पान आणि हवा यांच्यातले पाणी एकाच मापात बोलू लागले. ती दाबाच्या एककांत सांगतात; ही एकके ‘अ‍ॅटमॉस्फिअर’कडून बारकडे आणि बारकडून मेगापास्कलकडे सरकली. पीक कायमचे कोमेजण्याची जी मर्यादा उणे 15 बार म्हणून पाठ होती, ती उणे 1.5 मेगापास्कल झाली. प्रकाशसंश्लेषणाचा वेगही तासाला चौरस डेसिमीटरमागे मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा न लिहिता मायक्रोमोलमध्ये आला. जुन्या आकड्याला 0.631 ने गुणले की नवा मिळतो. फायदा असा की येणारे फोटॉन आणि पकडलेले कार्बन डायऑक्साइडचे रेणू थेट एकमेकांशी ताडता येतात.

मृदाशास्त्रात खळखळ सर्वांत कमी झाली. धन आयन विनिमय क्षमता (माती किती धन आयन धरून ठेवू शकते ते) 100 ग्रॅम मातीमागे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये सांगत, ती किलोमागे सेंटिमोलमध्ये आली. क्षारता विद्युतवाहकतेवरून सेंटिमीटरमागे मिलिम्होत सांगत, ती मीटरमागे डेसिसीमेन्समध्ये आली. दोन्ही ठिकाणी आकडा तोच राहतो. क्षारयुक्त जमिनीची 4 ही प्रचलित सीमा पुसून नवी शिकावी लागली नाही.

खतांच्या पोत्यावर मात्र जुने वळण टिकून आहे. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) आजही बहुतेक ठिकाणी ऑक्साइडच्या रूपात सांगतात, तर संशोधन नियतकालिके मूलद्रव्याच्या रूपात मागतात. 100 किलो स्फुरद पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरस असतो 43.6 किलो, आणि 100 किलो पालाश ऑक्साइडमध्ये पोटॅशियम 83 किलो. दोन्हीकडे किलो आणि हेक्टर अचूक असले, तरी आकडा ऑक्साइडचा की मूलद्रव्याचा हे न लिहिल्यास फॉस्फरसची शिफारस दुपटीहून जास्त चुकू शकते. म्हणून तक्त्याच्या मथळ्यात एककाच्या बरोबरीने हेही लिहावे लागते.