पॅच टाकण्याआधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा
(जुने व्हिडिओ गेम, पॅच आणि रीमिक्स संगीत: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, जळगाव)

भुसावळ, अमळनेर, चोपडा, पार धुळे-नंदुरबारहून लोक आमच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन येतात, काहीजण एसटी पार्सलने पाठवतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "भाऊ, गेम चालू व्हस, पन गानं वाजत नही." कुणाचा गेम मधल्याच लेव्हलला अडकतो, कुणाला नाव दिसतं आणि पुढे काळा पडदा. पॅच (गेममध्ये बदल करण्यासाठी चाहत्यांनी बनवलेली छोटी फाइल) खराब आहे असं समजून मंडळी तो पुन्हा डाउनलोड करतात, त्याच फाइलवर पुन्हा टाकतात, आणि थोडी बिघडलेली फाइल पुरती बिघडवून मग आमच्याकडे येतात. तुमचे आणि आमचे सगळ्यात जास्त तास इथेच जातात, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

पॅचमध्ये गेम नसतो. अमुक ठिकाणचे बाइट काढा आणि त्या जागी हे घाला, एवढ्याच सूचना असतात. ती ठिकाणं फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेली असतात. त्यामुळे चाहत्याने ज्या फाइलवरून पॅच बनवला, तंतोतंत तीच फाइल तुमच्याकडेही हवी. अमेरिकन आवृत्तीसाठीचा पॅच जपानी किंवा युरोपियन आवृत्तीवर चालत नाही. त्याच देशात त्याच गेमची पुढे दुरुस्त आवृत्ती निघाली असेल, तर तिच्यावरही बहुधा नाही.

फसगत होते ती आयपीएस प्रकारच्या पॅचमुळे. हा प्रकार जुना, साधा आणि सगळीकडे चालणारा आहे, पण समोरची फाइल बरोबर आहे का हे तो तपासतच नाही. चुकीचा गेम द्या, आधीच पॅच केलेला गेम द्या, लग्नाचा फोटो द्या, तो सूचना राबवून "काम झालं" म्हणून मोकळा होतो. बीपीएस प्रकारात मूळ फाइलची, तयार होणाऱ्या फाइलची आणि खुद्द पॅचची खूणगाठ (त्या फाइलच्या बाइटांवरून काढलेला ओळखीचा आकडा) आत नोंदवलेली असते. फाइल जुळली नाही तर तो तिथेच थांबतो आणि तसं सांगतो. दोन्ही प्रकार उपलब्ध असतील तेव्हा बीपीएस घ्या. "एरर येते म्हणून आयपीएसच बरा" असं बरेच जण म्हणतात, पण ती एरर तुमची फाइल वाचवत असते.

सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या जुन्या कन्सोलच्या गेमबाबत आणखी एक अडचण आहे. कॅसेटची नक्कल काढणारी जुनी यंत्रं फाइलच्या सुरुवातीला स्वतःचे 512 बाइट जोडायची. त्याला हेडर म्हणतात. गेम त्याच्यासकटही चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण पॅच हेडर नसलेल्या फाइलसाठी असेल, तर त्याची प्रत्येक सूचना 512 बाइटने चुकीच्या जागी पडते. शेताची मोजणी भलत्याच दगडापासून धरली की पुढचा एकेक बांध सरकतो, तसंच हे. ओळखायला सोपं आहे: फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार बाइटमध्ये बघा आणि त्याला 1024 ने भागा. बाकी शून्य आली तर हेडर नाही, 512 उरले तर आहे. 1 एमबीचा गेम 10,48,576 बाइटचा असायला हवा. 10,49,088 दिसले तर हेडर चिकटलेलं आहे. फाइलच्या नावाशेवटी एसएमसी आहे की एसएफसी, यावरून ठरवू नका.

आता मुख्य चूक. पॅच टाकणारं सॉफ्टवेअर विचारतं की नवी फाइल कुठे ठेवू, आणि आपण घाईत जुन्याच फाइलवर ठेवतो. स्वच्छ मूळ फाइल गेली. महिन्याभराने त्या पॅचची सुधारित आवृत्ती येते, ती आपण आधीच पॅच केलेल्या फाइलवर चढवतो, मग त्यावर संगीताचा पॅच, मग मराठी नावांचा. हे थर उलटे काढून मूळ फाइल मिळवणं आम्हालाही जमत नाही. आयपीएस जुने बाइट पुसून नवे लिहितो, जुने कुठेच जपून ठेवत नाही. म्हणून आधी एक फोल्डर करा, त्यात मूळ फाइल ठेवा, ती रीड-ओन्ली करा आणि प्रत्येक नवा पॅच तिच्या ताज्या प्रतीवरच टाका. मूळ फाइल बरोबर आहे का हे पाहायला सीआरसी32 नावाचा आठ अक्षरी कोड असतो. चांगला चाहता तो पॅचसोबतच्या रीडमी फाइलमध्ये लिहून ठेवतो. तुमच्या फाइलचा कोड आणि रीडमीतला कोड जुळले की निम्मं काम झालं. जुळले नाहीत तर पुढे जाऊच नका.

रीमिक्स संगीतासाठी येणारे ग्राहक हल्ली वाढले आहेत आणि आम्हाला त्याचा मनापासून आनंद आहे. सुपर निन्टेंडोच्या आवाजाच्या चिपला एकूण 64 केबी मेमरी आणि आठ आवाज मिळायचे. तेवढ्यात संगीतकारांनी जे उभं केलं, त्यावर लोक आजही नवी वाद्यवृंदी करतात, यातच सगळं आलं. ही रीमिक्स खेळताना वाजवायची सोय म्हणजे एमएसयू-1. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: एमएसयू-1 चा पॅच टाकलेला गेम, एमएसयू फाइल आणि प्रत्येक गाण्याची पीसीएम फाइल. तिघांचं नाव अक्षर न् अक्षर तेच हवं आणि गाण्याच्या नावाशेवटी आडवी रेघ (-) देऊन क्रमांक हवा. तुम्ही गेमचं नाव बदलून "फायनल नवीन" केलंत की गाणी गप्प होतात. त्या "गानं वाजत नही"चं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

एमपी3 चं नुसतं नाव बदलून पीसीएम केलं तरी ते वाजणार नाही. पीसीएम फाइलच्या सुरुवातीला एमएसयू1 ही खूण असते आणि त्यानंतर गाणं संपल्यावर नेमकं कुठून पुन्हा सुरू करायचं त्याचा आकडा. हा आकडा चुकला तर प्रत्येक फेरीला गाणं अडखळतं. आम्ही प्रत्येक गाणं कानाने ऐकून हा सांधा बसवतो. एका गेमला दोन-तीन दिवस लागतात ते यासाठीच. तासाभरात करून देणारेही आहेत, पण तिथे शेवटचं गाणं वाजतं का हे तुम्हाला शेवटच्या राक्षसापर्यंत पोचल्यावरच कळेल. पेनड्राइव्हमध्ये जागा ठेवा: असं एक मिनिटाचं संगीत साधारण 10 एमबी खातं, मग खुद्द गेम 1 एमबीचा का असेना.

"लहानपणी गाणं असं नव्हतं, तुम्ही फास्ट केलंय" हे वारंवार ऐकू येतं. आपल्याकडचा कॅसेटवाला गेम निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल होता आणि आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी सेकंदाला 50 चित्रं काढायचा. अमेरिका-जपानमध्ये 60. त्या गेममध्ये गाण्याची लयही चित्रांच्या ठोक्यावर चालते, त्यामुळे आपण मारिओ एक षष्ठांश संथ ऐकत वाढलो. मारिओचे संगीतकार कोजी कोंदो यांनी बांधलेली चाल आता ऐकू येते तीच. तरी बालपणीची लय हवी असेल तर सांगा, 50 वर लावून देतो.

संगणकावरच्या डूम या गेमचं (1993) काम सोपं. तिथे चाहत्यांच्या लेव्हल वेगळ्या वॅड फाइलमध्ये असतात आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही. फक्त डूम 2 साठीची वॅड पहिल्या डूमवर चढवू नका, दोन्हींत नकाशांची नावं वेगळी आहेत. सुपर निन्टेंडोवर 1995 मध्ये आलेल्या डूमवर ही वॅड चालणारच नाही.

आम्ही गेम भरून देत नाही. "दहा हजार गेमचं कार्ड द्या" म्हणून येणाऱ्यांना परत पाठवावं लागतं याचं वाईट वाटतं, पण गेम जुना झाला म्हणून मोकळा होत नाही आणि 1957 चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमलाही लागू आहे. शिवाय त्या कार्डांवरच्या फाइली कुठल्या आवृत्तीच्या, कुणी आधी फेरफार केलेल्या, काहीच कळत नाही, आणि पॅच नेमके तिथेच फसतात. तुमची स्वतःची कॅसेट आणा, तुमच्यासमोर वाचून स्वच्छ फाइल काढून देऊ. अजून काहीच नसेल तर दाइसुके आमाया यांनी एकट्याने बनवलेला केव्ह स्टोरी (2004) किंवा डूमच्या धर्तीचा फ्रीडूम यापासून सुरुवात करा. हे दोन्ही निर्मात्यांनीच मोफत दिले आहेत. दुकानात खेळून बघता येतील.

येताना मूळ फाइल किंवा कॅसेट, पॅच आणि त्याची रीडमी फाइल आणा. गेम कशावर खेळणार (संगणक, हातातलं यंत्र की खरा कन्सोल) ते पार्सलमध्ये चिठ्ठीवर लिहा. फाइल जुळते का ते बघण्याचे पैसे घेत नाही. आखाजीच्या सुट्टीत गर्दी असते, तेव्हा काम चैत्रातच टाकून ठेवलंत तर मुलांच्या हातात वेळेवर पडेल.