पालापाचोळा, वाळवी आणि अळमी

शिमग्याच्या दिवसांत गोव्यातल्या मोलेच्या रानात पानगळीचा थर पायाखाली चुरचुरतो. गणेश चवथीपर्यंत त्यातली बरीचशी पानं मातीत गेलेली असतात. हे काम पावसासाठी अडून राहतं, कारण जिवाणूंना आणि बुरशीला तोंड नसतं. ते एन्झाइम, म्हणजे पचनाची द्रव्यं, बाहेर सोडतात, पान शरीराबाहेरच पचवतात आणि विरघळलेलं तेवढं शोषून घेतात. पाण्यावाचून यातलं काहीच होत नाही.

साखर आणि पिष्ट आधी संपतं, मग पेशींच्या भिंतीतलं तंतुमय सेल्युलोज. शेवटी उरतं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य. त्याची रचना इतकी वेडीवाकडी असते की बहुतेक जिवाणू त्याच्या वाटेला जात नाहीत. ते फोडण्यात तरबेज आहे ती पांढरी कूज घडवणारी बुरशी. म्हादईच्या जंगलात पावसाळी रात्री हिरवट चमकणाऱ्या मायसिना बुरशा याच कामातल्या.

वाळलेल्या पानात नत्राच्या (नायट्रोजनच्या) पन्नासपट किंवा त्याहूनही जास्त कर्ब (कार्बन) असतो, जिवाणूच्या शरीरात जेमतेम पाच ते दहापट. नत्राची ही तूट ते मातीतून भरून काढतात. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, सुका पाला थेट आळ्यात पुरला की रोप काही दिवस पिवळं पडतं ते यामुळेच. पाला कुजत आला की अडकलेलं नत्र हळूहळू मोकळं होतं. आपल्या जांभ्या मातीला या परतफेडीची गरज फार. मुसळधार पाऊस तिच्यातली पोषकद्रव्यं धुऊन नेतो आणि उरलेला स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं धरून ठेवतात. काजूच्या बागेतला पाला पेटवला की राख मिळते खरी, पण नत्र धुरावाटे जातं. मला तो सौदा तोट्याचाच वाटतो.

सांतेर देवी म्हणून आपण जिला पुजतो त्या रोयणीत, म्हणजे वारुळात, वाळवीच्या काही जाती हेच काम शेती करून उरकतात. कामकरी वाळव्या पाला, काटक्या खातात, त्यांच्या अर्धवट पचलेल्या विष्ठेचे पोळे रचतात आणि त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवतात. लिग्निनची जबाबदारी बुरशीची. मऊ झालेलं जुनं पोळं वाळव्या खातात. पावसाळ्यात याच बुरशीच्या छत्र्या जमिनीवर येतात, ती आपली रोयणीची अळमी, खायची रानटी अळंबी. तिचे बीजाणू छत्री उमलल्यावरच पसरतात आणि बहुतेक जातींत नव्या रोयणीला बुरशी मिळते ती या बीजाणूंतूनच. बाजारात मागणी मात्र न उमललेल्या कळ्यांना!