संस्थेची कमिटी बदलली का? मग ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाका

आमच्या वाचनालयाचा शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय खात्याकडच्या संस्थेच्या नोंदवहीचा, उतारा पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्यातल्या अकरा विश्वस्तांपैकी सहा जण कधीच वारलेले होते, आणि गेली बारा वर्षं जे लोक खरोखर संस्था चालवतायत त्यातल्या एकाचंही नाव त्यात नव्हतं. निवडणुका वेळेवर झालेल्या, प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिलेले, खाली सगळ्यांच्या सह्या, फक्त चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल झाल्याचं धर्मादाय खात्याला कळवणारा अर्ज, कुणी टाकलाच नव्हता. बँकेने खात्यावरच्या सह्या बदलायला नाही म्हटलं तेव्हा आम्हाला हे कळलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहितोय.

महाराष्ट्रात देवस्थान असो, शिक्षण संस्था असो, नाहीतर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेलं मंडळ असो, धर्मादाय खात्याचा नोंदणी नंबर असला की १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू. त्यातलं कलम २२ सांगतं की शेड्यूल वनमधली कुठलीही नोंद बदलली, म्हणजे विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, ऑफिसचा पत्ता बदलला, नवीन जागा घेतली, की ९० दिवसांच्या आत उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे रिपोर्ट करायचा. फॉर्म शेड्यूल तीनचा. अर्ज विश्वस्ताच्या नावाने जातो, त्याला रिपोर्टिंग ट्रस्टी म्हणतात, आणि शक्यतो सेक्रेटरीनेच व्हावं कारण सगळं दप्तर त्याच्याकडे असतं.

कागदांत ठरावाची प्रत, शेड्यूल वनचा उतारा, संस्थेच्या घटनेची (नियमावलीची) प्रत, सभासदांची यादी, नवीन लोकांची संमतीपत्रं आणि ओळखपत्रं, जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा ना हरकत, वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले, आणि अ‍ॅफिडेव्हिट. पण माझं ऐकाल तर सगळ्यात जास्त जीव लावा तो सभेच्या नोटिशीला. किती दिवस आधी द्यायची ते तुमच्या घटनेत लिहिलेलं असतं, तेवढे दिवस मोजून द्या, आणि पोचल्याचा पुरावा ठेवा, पोस्टाची पावती किंवा सूचना वहीत प्रत्येकाची तारखेसकट सही. आमच्याकडे २०१५ च्या सभेची नोटीस फळ्यावर लावलेली आणि घरोघरी तोंडी सांगितलेलं, सगळे आलेही होते, पण कागद काहीच नाही, आणि तिथेच आमचं काम सगळ्यात जास्त अडलं. कोरमचंही, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचंही तसंच, सह्या मोजून बघा.

९० दिवस उलटून गेले असतील तरी घाबरू नका. सोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचा, उशिराचं खरं कारण लिहायचं, कारण पटलं तर उशीर माफ होतो, थोडा खर्च भरायला लावू शकतात. मात्र मधल्या दोन-तीन टर्म राहिल्या असतील तर फक्त शेवटची टाकून भागत नाही, जुन्यापासून क्रमाने एकेक चेंज रिपोर्ट टाका, नाहीतर पहिला प्रश्न हाच येतो की ज्यांनी ही सभा बोलावली त्यांची नोंद कुठे आहे?

विश्वस्तांच्या बदलाला आता आधी तात्पुरती मान्यता देता येते, मग हरकती मागवतात, ३० दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर तीच ऑर्डर कायम होते. हरकत आली की रीतसर चौकशी, पुरावे, उलटतपासणी, आणि ते लांबतं. निकाल विरोधात गेला तर कलम ७० खाली ६० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे अपील करता येतं.

एक गोष्ट मात्र या रिपोर्टमध्ये बसत नाही, ती म्हणजे संस्थेची जागा विकणं. त्याला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी व्यवहाराच्या आधी लागते, बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची असली तरीसुद्धा.

ऑर्डर झाली की घरी बसू नका, सर्टिफाइड कॉपी काढा, शेड्यूल वनवर नोंद चढली का ते स्वतः बघा, आणि नवीन उतारा घेऊनच बँकेत जा.